दोन अंश मिळवावेत

नगर, ता. ९ जानेवारी १९४९, रविवार

प्रिय यशयादादास, दयाचा सप्रेम सलाम.

नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, आणि माझ्याकडून तुम्हाला दोन ओळीसुद्धा आल्या नाहीत. क्षमा कर. 'कामामुळे राहून गेलं' असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. नाताळात कॉलेज बंद होतं आणि मी घरीच होते. काय लिहावं ते कळत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही. आजही नीट कळत नाही, पण काल तुझं कार्ड आलं आणि आता गप्प राहणं बरं दिसणार नाही.

मरियाची ट्रंक बेलापूर स्टेशनावर लावून दे, असं तू लिहिलं आहेस. कर्जतचे पाहुणे मुलगी पाहून गेले, त्यांना पसंत आहे. शेवटी, 'तुझ्या काचेच्या नळ्या तुझ्यापाशी ठेव.' मरियाला पाहुणे पसंत आहेत का, हे कार्डात कुठे नाही. जागा पुरली नसेल.

ट्रंक पाठवते. पण तिनं तुला काय सांगितलं आणि काय नाही, हे मला माहीत नाही. तिला न्यायला आलास तेव्हा तू उंबरा ओलांडला नाहीस. बाहेरूनच म्हणालास, "भाचीला चोर म्हनाया शिकवत्यात व्हय गं तुज्या कालिजात?" मी म्हटलं, मी चोर म्हटलेलं नाही. "मग पोरगी जेवत का न्हाई?" हे तुला कळायला हवं. म्हणून पहिल्यापासून सांगते.

डिसेंबरात आमच्याकडे प्रॅक्टिकलची परीक्षा झाली. या परीक्षेत पास झाल्याशिवाय कॉलेज टर्म देत नाही, आणि टर्म नसली की युनिव्हर्सिटीला फॉर्म जात नाही. प्रत्येक मुलाला एक मळकट पांढरी पूड दिली होती, बेन्झोइक ॲसिडची. ती उकळत्या पाण्यात विरघळवायची, गाळायची, थंड होऊ द्यायची, म्हणजे स्वच्छ स्फटिक मिळतात. ते वाळवायचे आणि मग ते किती उष्णतेला वितळतात ते पाहायचं. शुद्ध पदार्थ आपल्या ठरलेल्या अंशावर वितळतो. त्यात मळ राहिला असेल तर आधीच वितळतो. नंतर मात्र कधीही नाही. दादा, एवढी एक गोष्ट ध्यानात ठेव, पुढे लागेल.

हे पाहायला केसाएवढी बारीक नळी लागते. ती आम्ही स्पिरिटच्या दिव्यावर काच मऊ करून, दोन्ही हातांनी ताणून वर्गातच काढतो. एक तोंड बंद करायचं, चिमूटभर पूड आत सरकवायची, नळी दोऱ्यानं थर्मामीटरला बांधायची आणि दोन्ही तेलात बुडवून तेल तापवायचं. आमच्याकडे करडईचं तेल असतं. आमचा शिपाई छगन म्हणतो, "बाई, वर्गात भजी तळल्यागत वास येतोय आनि खायला कायच न्हाई." मरियाच्या नळ्या वर्गात सगळ्यांत चांगल्या निघत. हे मी तिला कधी सांगितलं नाही. माझ्याच भाचीचं कौतुक मी कसं करणार, असं वाटे.

आता मुख्य गोष्ट. आमचे थर्मामीटर लढाईनंतर लष्कराच्या लिलावातून आलेले. प्रोफेसर आमोससरांनी ते तपासले तेव्हा दोन अंश कमी दाखवतात असं दिसलं, म्हणून प्रत्येकावर एक कागदी चिठ्ठी डकवली आहे: 'दोन अंश मिळवावेत.' परीक्षेत सगळ्या मुलांना एकशे वीस दिसले. त्यांनी दोन मिळवले आणि एकशे बावीस लिहिले. पुस्तकातही एकशे बावीसच आहेत. मरियानं मात्र 'दिसले १२२' असं लिहिलं आणि पुढे 'उत्तर १२२'.

बाकी सगळ्यांना एकशे वीस दिसतात तर हिलाच एकशे बावीस कसे दिसतील? आणि दिसले तर दोन मिळवून एकशे चोवीस व्हायला हवेत, जे कधीच होत नाही. वह्या तपासताना मला एकच अर्थ लागला, की तिनं पुस्तकातला आकडा उतरवला. मी तसा शेरा मारला आणि सरांनी तिची टर्म रोखली. वर्गात मी तिला दोन शब्द बोलले. तेवढंच.

गेल्या शुक्रवारी कपाट आवरताना तिचे उरलेले स्फटिक सापडले, तिच्या रोल नंबरच्या बाटलीत. मी त्यांची नळी का भरली ते सांगता येत नाही. माझ्या हाताला नळी वाकडी आली, तरी भरली. वितळले एकशे बाविसाला. पुन्हा केलं, पुन्हा एकशे बावीस.

म्हणजे तिनं पाहिलं ते मीही पाहिलं. मग दोन मिळवून एकशे चोवीस. असं होऊच शकत नाही. थर्मामीटर चुकतो, का पुस्तक, का मी, हे कळेनासं झालंय.

पाहुण्यांना शब्द देण्याआधी थोडं थांब. हे सांगायचा मला काही अधिकार उरलाय का? पण लिहिलंय, ते आता खोडत नाही. कृपावहिनीला सलाम.

तुझी दया


नगर, ता. १४ जानेवारी

प्रिय दादा,

तुझं उत्तर येण्याआधीच लिहिते आहे. ट्रंक पाठवलेली नाही. त्याचं कारण सांगितलं तर तू हसशील किंवा पत्र फाडशील.

सोमवारी मी थर्मामीटर बर्फात ठेवला. बरोबर शून्य. मग उकळत्या पाण्यात ठेवला. पाणी खदखदत होतं आणि पारा अठ्ठ्याण्णवला येऊन थांबला. शंभराला गेला नाही. सरांनी चिठ्ठी लावली ती यावरूनच: पाणी शंभराला उकळतं, हा अठ्ठ्याण्णव दाखवतो, म्हणून दोन मिळवा. यात चूक कुठेच दिसेना. दुसरा थर्मामीटर घेतला, तोही अठ्ठ्याण्णव. तिसराही. मग मुलींच्या हायस्कुलातून एक मागून आणला, नवा कोरा, लिलावाशी ज्याचा काही संबंध नाही असा. तोही अठ्ठ्याण्णव.

नगरातले सगळे थर्मामीटर ठरवून एकच खोटं बोलतात की काय? मी सरांकडे गेले.

सर म्हणाले, "दयाबाई, बर्फाला खरा आणि पाण्याला खोटा, असा माणूसही असतो की. आमच्या समितीत आहेत तसे दोघे." मला हसू आलं नाही, तेव्हा म्हणाले, "भाचीचं मनाला लावून घेऊ नका. पुढल्या वर्षी बसेल." मी म्हटलं, पुढल्या वर्षी ती कर्जतला भाकऱ्या थापत असेल.

बुधवारी छगनला घेऊन ट्रंक लावायला स्टेशनावर गेले. हमाल पावतीला गेला होता. मी फलाटाच्या टोकाला उभी होते. तिथल्या मोठ्या पाटीवर गावाचं नाव आहे आणि खाली बारीक अक्षरात समुद्रसपाटीपासूनची उंची. ही पाटी मी पुण्याला शिकायला जायचे तेव्हापासून पाहते आहे. दोन हजारांहून जास्त फूट.

दादा, उंचावर हवा विरळ असते आणि पाणी शंभराच्या आधीच उकळतं, हे मी स्वतः दरवर्षी शिकवते. उदाहरण म्हणून भंडारदऱ्याचे डोंगर सांगते. मुलं लिहून घेतात. मीही कधी मनात आणलं नाही की आपण जिथं उभे आहोत तीच जागा उंच आहे. आजूबाजूला सपाट माळ, जिकडे बघावं तिकडे आपल्याएवढीच जमीन, मग उंची जाणवणार कशी? आपल्याकडे पाणी अठ्ठ्याण्णवलाच उकळतं. ते तसंच उकळायला हवं. थर्मामीटर खरा आहे. चिठ्ठी खोटी आहे.

आणि मग बाकीचं सगळं उलटलं. मुलांना दिसलेले एकशे वीस हे खरेच एकशे वीस होते, कारण त्यांच्या पुडीत मळ राहिला होता. चिठ्ठीनं तो झाकला आणि आकडा पुस्तकाशी जुळला. मरियानं पूड दोनदा विरघळवून गाळली असणार. त्या दिवशी ती जेवायला घरी आली नव्हती, आणि मी रागावले होते. तिचीच पूड खरी शुद्ध होती.

छगननं विचारलं, "बाई, पेटी चढवायची का न्हाई? गाडी आली की." मी परत न्यायला सांगितलं. तो म्हणाला, "बरं झालं. जड लई हाय. पुस्तकं नेतीय का दगडं?"

आज सरांना सांगितलं. ते म्हणाले, "नगर म्हणजे काय महाबळेश्वर आहे का?" मी त्यांना कोपऱ्यातल्या बॅरोमीटरपाशी नेलं. हवेचा दाब मोजायचं ते यंत्र. तेही लिलावातलंच, आणि पारा तीस इंचांवर जायच्या ऐवजी अठ्ठाविसाच्याही खाली राहतो म्हणून त्यावर 'नादुरुस्त' लिहिलंय. या उंचीवर तो तेवढाच राहायला हवा. सरांनी वाकून पारा वाचला. मग म्हणाले, "दोन वर्षं मी येता-जाता याला टिचक्या मारतोय."

मागच्या पत्रात 'दोन शब्द बोलले' असं लिहिलं, ते बरोबर नाही. मी म्हटलं होतं, "जो आकडा तू पाहिलाच नाहीस, तो लिहायला तुला लाज कशी वाटली नाही? माझ्या घरात राहून हे शिकलीस?" सगळा वर्ग ऐकत होता. दुसऱ्या कुणाच्या मुलीला मी इतकं बोलले असते का? बहुधा नाही. हाताखाली भाची आहे म्हणून पाठीशी घालते, असं कुणी म्हणू नये ही भीती होती. का आणखी काही होतं? तिनं वर पाहिलं तेव्हा ती अगदी तुझ्यासारखी दिसली, एवढं आठवतं.

थांब रे. कर्जतला शब्द देऊ नको.

दया


नगर, ता. २० जानेवारी

प्रिय दादा,

परवा तू आलास. ट्रंक आली नाही म्हणून स्वतः न्यायला आलास, आणि मरियालाही घेऊन आलास. का आणलंस ते विचारलं नाही. आता तू घरी कोल्हारला पोहोचला असशील, आणि जे बोलणं झालं ते तुला ठाऊक आहे. तरी मी काय ऐकलं ते लिहून ठेवते, कारण मला वाटतं मी काही शब्द चुकीचे घेतले असतील. तसं असेल तर कळव.

मी तुला तेल तापवून दाखवलं. तू नाकाला उपरणं लावलंस. सगळं ऐकून म्हणालास, "म्हंजी काच खरी?"

"खरी."

"चिठ्ठी खोटी?"

"हो."

"आनि पोरगी?"

मी क्षणभर थांबले. त्या थांबण्याचा तुला राग आला. "येवढं तेल जाळलंस, तरी पोरीपाशी येऊन आडलीसच का?"

"खरी आहे दादा. तिला दिसलं तेच तिनं लिहिलं."

सर आत आले. त्यांनी तुला खुर्ची दिली, चहा मागवला आणि म्हणाले की टर्म देऊन टाकतो, फॉर्म वेळेत जाईल, चिठ्ठ्या छगनकडून काढून घेऊ, आणि या गोष्टीचा बोभाटा नको. कॉलेज नवं आहे, युनिव्हर्सिटीची मंडळी पाहणीला यायची आहेत, आणि मुलांना कळलं की दोन वर्षं सगळेच आकडे चुकीचे शिकवले, तर ती कशावर विश्वास ठेवतील? मला त्यांचं म्हणणं पटलं. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं.

तू चहाला हात लावला नाहीस. म्हणालास, "सायेब, चोर म्हनलं ते समद्या पोरांपुढं. आनि चोर न्हाई म्हनायचं ते आमच्या कानात व्हय?"

सर म्हणाले, "चोर असा शब्द कुणी वापरला नाही."

"शबुद नसंल वापरला. कर्जतच्या पाहुन्यांपतुर काय पोचलं ते ऐका मग. त्यांचा भाचा ह्याच वर्गात बसतोय. म्हनत्यात, पोरगी पसंत हाय, पन कापी करती म्हनून कालिजानं काढली, तर हुंड्याचं बगा. माजी पोरगी सवंग झाली, सायेब, तुमच्या एका चिठ्ठीपायी."

हे तू कार्डात लिहिलं नव्हतंस.

मग तू उठून ट्रंक छगनच्या डोक्यावर दिलीस आणि मला म्हणालास, "पेटी नेतो. वर्गात बोलशील तवा परत आनीन. न्हाईतर तिचं नशीब." आणि बाहेर टांगा बघायला गेलास.

तेवढ्या वेळात मरिया माझ्याशी बोलली. ते तुला सांगावं का नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. ती म्हणाली होती, "बाबाला मी मोटारीतच सांगते." तेव्हा सांगितलं असेलच, असं धरून लिहिते. सांगितलं नसेल तर रागावू नको तिच्यावर. आधीच पुष्कळजण रागावले आहेत.

मी तिला म्हटलं, "तुला कसं कळलं गं, की चिठ्ठी खोटी आहे?"

ती म्हणाली, "मला कुठं कळलं होतं?"

"मग दोन का मिळवले नाहीस?"

"आत्या, एकशे बावीसच दिसले. शपथ. पण पुस्तकात काय आहे ते मला आधीच पाठ होतं. दोन मिळवले असते तर एकशे चोवीस झाले असते आणि तू म्हणाली असतीस, हे भलतंच कुठून आणलंस. म्हणून चिठ्ठी वाचलीच नाही असं केलं."

"म्हणजे पुस्तकाशी जुळवण्यासाठी?"

"हो."

"मग मी तुला बोलले ते..."

"अर्धं खरं होतं."

"कुठलं अर्धं?"

"ते तू ठरव. शिक्षक तू आहेस." मग म्हणाली, "मला कर्जतला नाही जायचं, आत्या. बाबाला एवढंच तू सांग. बाकीचं मी सांगते."

ते मी या पत्रानं तुला सांगते आहे.

दया


नगर, ता. २३ जानेवारी, रविवार

प्रिय दादा,

आज उपासनेत मन लागलं नाही. माझी रोजनिशी काढून बसले, पण तीन दिवसांत पानावर नुसते प्रश्न आहेत, आणि त्यांची उत्तरं मला मीच लिहून घेणार म्हणून त्यांच्यावर विश्वास बसत नाही. त्यापेक्षा तुला लिहिते. तू निदान तोंडावर बोलतोस.

वर्गातल्या बाकीच्या मुलांनी सांगितलं तसं केलं. दिसलं ते खरं लिहिलं, नियमाप्रमाणे दोन मिळवले, आणि त्यांचं उत्तर चुकलं. त्यांना पूर्ण गुण मिळाले. मरियानं नियम मोडला, तोही खरं शोधण्यासाठी नाही, तर आकडा जुळावा म्हणून, आणि तिचं उत्तर बरोबर आलं. मी चुकीच्या चिठ्ठीवर विसंबून तिच्यावर आळ घेतला, आणि तिनं खरोखर पुस्तकाकडे पाहूनच केलं होतं. यात प्रामाणिक कोण? मी हे पुन्हा पुन्हा मांडते आणि दर वेळी वेगळं नाव येतं.

वर्गात जाऊन 'मरिया बरोबर होती' म्हणावं, तर ते पूर्ण खरं नाही, आणि मी आयुष्यभर मुलांना पूर्ण खरं लिहायला सांगत आले. तिनं पुस्तक पाहिलं होतं हेही सांगावं, तर तिला पुन्हा एकदा सगळ्यांपुढे उभं केल्यासारखं होईल, आणि या वेळी तिनं विश्वासानं सांगितलेल्या गोष्टीवरून. काहीच न बोलावं, तर सरांच्या म्हणण्याप्रमाणे फॉर्म जाईल. पण ती बाकावर येऊन बसेल तेव्हा शेजारची मुलगी वही हातानं झाकून घेईल. ती मुलगी मला आत्ताच दिसते आहे.

सरांशी काल पुन्हा बोलले. ते म्हणाले, "बोलायचंच असेल तर माझं नाव घेऊन बोला. चिठ्ठ्या माझ्या हातच्या आहेत." मग दारापर्यंत जाऊन परत आले. "पण पाहणी होईपर्यंत थांबला असतात तर बरं झालं असतं." मी थांबणार नाही म्हटलं. ते नाराज आहेत. त्यांनी मला या कॉलेजात आणलं, आणि त्यांना नाराज करून मला बरं वाटत नाही, हेही लिहून ठेवते.

दुपारी एक गोष्ट सुचली. ती बरोबर आहे का ते सांग. त्या दिवशी मी मरियाला 'पुस्तकात पाहिलंस' असं म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, 'जो आकडा तू पाहिलाच नाहीस, तो लिहिलास.' हे खोटं आहे. तिनं तो पाहिला होता. नळीत, तेलात, तिच्या डोळ्यांनी पाहिला होता. तेवढं एक वाक्य मला परत घेता येतं, आणि ते पूर्ण खरं आहे. दोन अंश तिनं का सोडले, ते माझं सांगणं नाही. तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल. चिठ्ठीचं, पाण्याचं आणि उंचीचं मी शिक्षक म्हणून सांगेन, आणि कुणाचेही गुण कापणार नाही, कारण त्यांनी आम्ही लिहिलं तेच केलं.

एवढ्यानं तुझं समाधान होईल का, कळत नाही. तुला 'चोर न्हाई' असं हवं होतं, आणि मी देते आहे ते त्याहून लहान आहे. पण याहून मोठं बोलले तर माझा आवाज खोटा येईल, आणि मुलांना ते लगेच कळतं.

कर्जतच्या पाहुण्यांचा भाचा दुसऱ्या बाकावर बसतो. तोही ऐकेल.

टर्मचा कागद सरांनी सही करून माझ्याकडे दिला आहे. तू तिला पाठवशील का नाही, ते मी विचारत नाही.

उद्या सोमवार. काम: तिसऱ्या तासाला, हजेरी घेण्याआधी, उभं राहून म्हणणे, "मरियानं लिहिलेला आकडा मरियानं पाहिला होता."

दया